तीनशे-आठ की साडेसहा

माझा मुलगा मार्चमध्ये गेला. मेंदूत गाठ होती. जानेवारीत समजलं आणि अकरा आठवड्यांत सगळं संपलं. तो छत्तीस वर्षांचा होता, पुलांची तपासणी करायचा आणि त्याच्याकडे दोन रायफली होत्या. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधली माझी तीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात गेली. बंदूक मी कधी हातात धरली नव्हती. त्याच्या या छंदावरून आमचं भांडण झालं नाही, आम्ही त्याविषयी बोलतच नव्हतो. नोव्हेंबरात तो हरणांच्या शिकारीला उत्तरेकडे निघाला की त्याची आई फोनवर एवढंच विचारायची, "थंडीचे कपडे घेतलेस ना?" आणि तो म्हणायचा, "येस, आई."

त्याचं घर रिकामं करताना एक वही सापडली. पहिल्या पानावर इंग्रजीत एकच प्रश्न होता. हरणासाठी आणि कागदी निशाण्यासाठी मिळून एकच रायफल ठेवायची झाली, तर काडतूस कोणतं? पुढची साठ पानं त्याचं उत्तर शोधण्यात गेली होती. मी ती वही एखाद्या प्रबंधासारखी वाचली, दोनदा. मधल्या आकाराची चार काडतुसं त्यानं विचारात घेतली होती, गोळीच्या जाडीच्या आकड्यावरूनच त्यांची नावं. दोनशे-त्रेचाळीस हरणाला पुरतं, पण त्याची हलकी गोळी वाऱ्यात भरकटते, म्हणून बाद. दोनशे-सत्तर शिकारीला उत्तम, पण नेमबाजीच्या चांगल्या गोळ्या त्यात कमी मिळतात, म्हणून तेही बाद. उरली दोन. तीनशे-आठ जाड आणि जुनं, कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळणारं. खांद्याला दणका देतं, पण नळी वर्षानुवर्षं टिकते. साडेसहा मिलिमीटरचं नवं. गोळी बारीक आणि लांब, वाऱ्याला कमी जुमानणारी. दणका सौम्य, पण नळी लवकर झिजते. एका समासात त्यानं लिहिलं होतं की दोनशे यार्डांच्या आत हरणाला या दोहोंतला फरक कळणार नाही, प्रश्न मला कळतो का हा आहे. ते वाचून मी हसलो. मग वही मिटून ठेवली.

शेवटच्या पानावर एक चाचणी आखलेली होती. दोन्ही जातींची अठरा-अठरा काडतुसं, त्यानं घरी स्वतः दारू मोजून भरलेली. प्रत्येक जातीत दारूची तीन मापं, एकेका मापाची सहा. तीनशे यार्डांवर कागद. तीनशे-आठ आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये भरली होती, साडेसहा दिवाळीच्या आधीच्या रविवारी. दोन्ही तारखा होत्या. निकालाचा रकाना कोरा होता. त्या वर्षी नोव्हेंबरात तो उत्तरेला गेलाच नाही, काम आहे म्हणाला.

ते पान पूर्ण व्हावं, एवढीच इच्छा मला त्या उन्हाळ्यात होती. दुसरी कुठली आठवत नाही.

त्याचा एक मित्र होता, मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. आठ वर्षं दोघे एकाच मैदानावर नेमबाजी करत. मी फोन करून विचारलं, ती चाचणी तू पूर्ण करशील का.

"काका, एक सांगू? दुसऱ्यानं हातानं भरलेलं काडतूस कोणी मारत नाही. इथला पहिला रूल आहे तो."

"मग राहू दे."

"नाही, त्याची मी मारीन. त्याचा हात मला माहीत आहे. पण मी सांगतो, तीनशे-आठच जिंकणार. सिक्स-फाइव्ह, म्हणजे तुमचं साडेसहा, हे डोक्यावर बुचडा बांधणाऱ्या पोरांचं काडतूस. मी त्याला रोज चिडवायचो."

"तो काय म्हणायचा?"

"म्हणायचा, यू आर जस्ट ओल्ड."

शनिवार ठरला. शुक्रवारी ही देवाची भांडी घासत होती. त्याच्या घरून आणून तळघरात ठेवलेले काडतुसांचे दोन डबे मी वर आणले आणि उघडून पाहिले. पितळ काळवंडलं होतं, बोटांचे ठसे उमटले होते. आमच्या घरात पितळ असं ठेवत नाहीत. हिच्याजवळची पॉलिशची बाटली आणि जुन्या धोतराचा तुकडा घेऊन मी वर्तमानपत्रावर छत्तीसच्या छत्तीस काडतुसं मांडली आणि एकेक घासून लखलखीत केलं. बुडाशी लाल, निळे, हिरवे डाग होते, तेही काढले. दोन तास लागले. घासून ठेवलेल्या समईशेजारी ती वाळत ठेवली. हिनं खालचा कागद बदलून दिला. त्या दोन तासांत मला मार्चनंतर पहिल्यांदाच बरं वाटलं होतं.

मैदानावर मित्रानं डबा उघडला.

"काका, हे इतकं चमकतंय कसं?"

"घासलं मी. काळं पडलं होतं."

त्यानं एक उलटं करून पाहिलं, मग दुसरं, मग तिसरं.

"खाली डॉट होते ना? रेड, ब्लू, ग्रीन?"

"ते डाग वाटले मला."

"डाग." त्यानं काडतूस परत डब्यात ठेवलं. "काका, ती मापं होती. रेड म्हणजे सगळ्यात जास्त. आम्ही दोघं तसंच करायचो."

वहीत रंगांचा उल्लेख कुठेच नव्हता. त्या दोघांना तो लिहायची गरज नव्हती. आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या मीच इथल्या चिठ्ठ्या पुसून टाकल्या होत्या.

मी विचारलं, वजन करून कळणार नाही का? तो म्हणाला, नाही. तीन मापांत फरक एखाद्या चिमटीएवढाही नसतो, नुसत्या पितळेच्या वजनात त्याहून जास्त फरक पडतो. "आत काय आहे ते माहीत नसेल तर मी मारत नाही काका. माझ्या बापानं भरलेलं असलं तरी." मग माझ्याकडे पाहून आवाज खाली आणून म्हणाला, "उघडून मोजता येईल. आणि मग त्याचीच पावडर, त्याचीच गोळी, तेवढंच परत भरू. ओके?"

मी हो म्हणालो.

पुढच्या शनिवारी त्याच्या गॅरेजमध्ये बसलो. काडतूस उघडायचं हत्यार प्लास्टिकच्या हातोडीसारखं असतं. डोक्यात काडतूस उलटं अडकवायचं आणि फरशीवर आपटायचं. दोन-तीन ठोक्यांत गोळी आणि दारू सुटून येते. तो ठोकायचा, मी तराजूवरचा आकडा लिहायचो. आधी तीनशे-आठ घेतली. अठराच्या अठरा वहीतल्या तीन आकड्यांवर बरोबर आली, एका दशांशाचाही फरक नाही. "बघा," तो म्हणाला, "मशीन होता मशीन." मला अभिमान वाटला, त्याच्या हयातीत मी तो कधी बोलून दाखवला नव्हता.

मग साडेसहा. पहिली चार बरोबर. पाचवं कमी भरलं, तिन्ही मापांपेक्षा कमी. तराजू शून्यावर आणून त्यानं पुन्हा मोजलं. सातवं दोन मापांच्या मध्ये कुठेतरी. अकराव्याची दारू पात्रात पडली तेव्हाच तो थांबला. आकडा सगळ्यात मोठ्या मापाच्या बराच पुढे होता. त्यानं पात्र हळूच खाली ठेवलं.

"हे मी मारलं असतं," तो म्हणाला. "रायफलीला गाल लावून. तोंडावर फुटली असती."

आम्ही उरलेली उघडली. अठरांपैकी सात चुकलेली होती.

"तो तीनदा मोजायचा, काका. मी बोअर व्हायचो इतकं मोजायचा."

मी वहीतली तारीख त्याला दाखवली. दिवाळीच्या आधीचा रविवार. त्याच आठवड्यात तो फराळाला घरी आला होता. चहा ओतताना त्यानं तो कपाच्या बाहेर ओतला, टेबलावरून माझ्या पुस्तकावर. मी म्हणालो होतो, "लक्ष कुठे असतं तुझं?" तो "सॉरी, बाबा" म्हणाला आणि उजवा हात टेबलाखाली नेला. मी पुस्तकाची पानं टिपत बसलो होतो.

"वहीप्रमाणे परत भरू या," मित्र म्हणाला. "बरोबर मापानं. एका दुपारचं काम."

"नको," मी म्हणालो. गोळ्या आणि रिकामं पितळ त्यानं वेगवेगळ्या पिशव्यांत भरून दिलं.

घरी आलो तेव्हा ही दारातच होती. इतक्या महिन्यांत तिनं त्या वहीबद्दल कधी विचारलं नव्हतं.

"मग, कोणतं चांगलं निघालं?"

"तीनशे-आठ," मी म्हणालो.

ती म्हणाली, बरं झालं, एकदाचं कळलं. आणि जेवणाची पानं घ्यायला आत गेली.