पारनाका ते बंदर, पायी

"आई, कल्याणात बघण्यासारखं आहे काय?"

दिवाळीनंतर एकदा तुमच्या बाबांनी मला हे फोनवर विचारलं. ज्या माणसाने आयुष्याची पहिली बावीस वर्षं या गावात काढली, त्याने विचारलं. मी म्हटलं, "लिहून पाठवते." तो हसला. त्याला वाटलं मी रागावले. रागावले होतेच, पण लिहून पाठवणार हेही खरं होतं.

बेत असा ठरला होता. नाताळच्या सुट्टीत तुम्ही दोघं आईबाबांबरोबर परदेशातून येणार, त्यातले चार दिवस माझ्या वाट्याचे, आणि ते चार दिवस तुम्ही राहणार ठाण्याला, घोडबंदर रस्त्यावरच्या एका हॉटेलात. मी रोज सकाळी गाडीने तिथे यायचं, तुमच्याबरोबर नाश्ता करायचा, मॉलमध्ये हिंडायचं आणि संध्याकाळी परत. म्हणजे माझ्याच नातवंडांकडे मी पाहुणी. बाबांनी चार कारणं दिली: माझं घर लहान आहे, इमारतीला लिफ्ट नाही, गावातले रस्ते चालण्यासारखे राहिले नाहीत, आणि खाडीला वास येतो. चारही खरी आहेत. खोटी असती तर मी हसून सोडून दिली असती.

मी एकोणतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. कुठलीही गोष्ट मुद्देसूद मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तीन दिवस बसून मी तुमच्या बाबांसाठी इंग्रजीत सात पानं लिहिली. राहायचं कुठे, खायचं काय, कुठून कुठे किती मिनिटं, कुठे बसायला ओटा आहे, कुठे स्वच्छतागृह आहे. पानांना आकडे घातले, फोटो काढून पाठवले. उत्तरादाखल एक पिवळा अंगठा आला, आणि त्याखाली हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाचं चित्र.

त्याच रात्री तुमच्या आत्याचा फोन. ती ठाण्याला अठराव्या मजल्यावर राहते, तुम्ही तिचं घर पाहिलं आहे. "दादाने माझ्यावर सोपवलंय," ती म्हणाली. "मी रविवारी येते, सगळं बघते आणि त्याला सांगते. रागावू नकोस हं, पण मी खरं तेच सांगणार."

"खरं तेच सांग," मी म्हटलं. "दीड वाजता ये. जेवून ये."

"दीड? अगं आई, दुपारी दीडला कोण फिरायला निघतं?"

"ज्यांना पाणी बघायचंय ते."

यामागे एक हिशेब होता, तो सांगते. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, कोकणातल्या किनाऱ्यावरच्या गावातले. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी मला भरतीचं गणित शिकवलं. पंचांगात तिथी बघायची, तिला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. आठवडाभर मी ते वर्तमानपत्राशी ताडून पाहिलं आणि दर वेळी जुळलं. सून गणितात चोख आहे म्हणून ते खूश झाले होते. त्या रविवारी चतुर्थी होती. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनला मी आत्याला बंदरावर उभी करणार होते, समोर काठोकाठ खाडी, आणि मग बोल म्हणावं वासाबद्दल.

आत्या आली ती आधी खालच्या मजल्यावर गेली. राहायची व्यवस्था मी तिथे केली आहे. माझ्या खालच्या दोन खोल्यांत एक निवृत्त जोडपं राहतं. ती दोघं सहा महिन्यांसाठी लेकीकडे ऑस्ट्रेलियात गेली आहेत आणि किल्ली माझ्याकडे आहे. दर शनिवारी मी खिडक्या उघडते, नळ सोडते, तुळशीला पाणी घालते. त्यांना विचारलं तर म्हणाली, घर वापरात राहील, बरंच होईल. मी दोन गाद्या कापूस पिंजून घेतल्या होत्या. चादरी धुतलेल्या, मच्छरदाण्या टांगलेल्या. बाल्कनीतून पारनाक्याचा चौक दिसतो.

आत्याने चादरी पाहिल्या नाहीत. ती सरळ न्हाणीघराकडे गेली आणि कमोडची साखळी ओढली.

"फ्लश चालत नाही."

"बादली आहे."

"आई, ती मुलं बादली वापरणार आहेत का?"

"त्यांचा बाप वापरत होता."

तिने मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं. एक गुण गेला, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. एकोणतीस वर्षं मीही असेच गुण कापले आहेत.

मग आम्ही निघालो. रस्ते चालण्यासारखे नाहीत असं म्हणतात, त्याबद्दल माझं म्हणणं ऐकून ठेवा. फुटपाथ नाहीत. जिथे आहेत तिथे स्कूटर उभ्या असतात. म्हणून मी ऊन असो नसो, छत्री घेते आणि मिटलेली छत्री काखेत आडवी धरते, टोक बाहेर. स्कूटरवाले दोन हात लांबून जातात. आत्या म्हणाली, "कुणाच्या डोळ्यात जाईल." मी म्हटलं, "चाळीस वर्षांत गेली नाही. लोक डोळे सांभाळतात."

गावाचा जुना भाग असा लहान आहे की कुठूनही कुठेही वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येतं. पारनाक्यावरून आम्ही भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत शिरलो. तिथे एक म्हातारा अजून पितळेच्या भांड्यांना कल्हई करतो. नवसागराचा धूर नाकात गेला की मला माझ्या सासूबाईंची दुपार आठवते. त्याने मला पाहून भाता थांबवला. "बाई, पातेलं कधी आणताय?" पातेलं तीन वर्षं आणते आणते म्हणते आहे. पुढे लाकडी खांबांचं लहानसं देऊळ. त्याच्या ओट्यावर बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत, इतका तो उंच आहे, आणि गाभाऱ्यातला गारवा पाठीला लागतो. देवळाबाहेरच्या फुलवालीने आत्याला ओळखलं. "तुझे दात बरे झाले की गं," ती म्हणाली. आत्याच्या दातांना लहानपणी तार होती. अठराव्या मजल्यावर हे कुणी म्हणणार नाही. आत्या ओशाळली, पण हसली.

मग काळा तलाव. काठाला काळ्या दगडाची जुनी मशीद, पायऱ्यांवर कपड्यांसारखी पसरलेली कबुतरं, कठड्यावर रिटायर मंडळी. इथून दुर्गाडीचा बुरूज दहा मिनिटं. बुरुजाखाली खाडी वळते. कधीकाळी इथे मराठ्यांची गलबतं बांधली जात आणि शेकडो वर्षं इथून माल थेट समुद्रापार जाई, हे सगळं मी पान चारवर लिहिलं होतं. आत्याने वाचलं नव्हतं. "आता मी तिथे बघेन ना," ती म्हणाली. "चारला माझी गाडी येईल हं, आई. सहाला मला घरी पोचायचंय."

तीनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही बंदरावर पोचलो.

पाणी नव्हतं.

म्हणजे पार मध्ये, एका पट्ट्यात होतं. बाकी सगळा चिखल. करडा, चकचकीत, त्यात प्लॅस्टिक, नारळ, निर्माल्याच्या पिशव्या, आणि पोटावर झोपल्यासारख्या कलंडलेल्या तीन होड्या. वास यायचा तसा येत होता. आत्याने ओढणी नाकाला लावली. तिने मोबाइल काढून त्या चिखलाचा फोटो घेतला.

मी पंचांग पुन्हा आठवलं. चतुर्थी. तीन. सकाळी फोनवर भरतीची वेळही पाहिली होती, तीनच होती.

धक्क्याला टेकून कलंडलेल्या एका होडीच्या सावलीत, धक्क्याच्या पायरीवर, एक बाई जाळं विणत बसली होती. पन्नाशीची असेल. सुई दातांत धरून तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, मग ती उठली आणि वाकून माझ्या पाया पडली.

"बाई, वलकलं नाय ना? आठवी ब. शेवटचा बाक."

मला चेहरा आठवेना. बाक आठवला.

"इंग्रजीत नापास केलंत तुमी मला," ती आत्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "दोनदा. इथं उन्हात काय करताव?"

मी तिला सांगितलं. सासऱ्यांचं कोकण सांगितलं, तिथी सांगितली, गुणाकार सांगितला, भागाकार सांगितला. ती ऐकत राहिली आणि मग हसायला लागली. जाळं मांडीवरून घसरलं.

"बाई, गनित बरोबर हाय, पन ते दर्याचं. तुमच्या कोकनातलं. ही खारी हाय, खाडी. पानी मुंबयशी येतं, वलनं घेत घेत, ठान्याशी येतं, डोंबिवलीशी येतं. त्याला काय गाडी मिलते? तुमचे तीन म्हंजे आमचे पावनेपाच." मग तिने सुई परत हातात घेतली. "आज तुमी नापास."

पन्नास वर्षं मी या गावात राहते. बंदरावर कितीदा आले असेन, कधी पाणी असायचं, कधी नसायचं. पण सासऱ्यांनी शिकवलेलं गणित इथे येऊन ताडून पाहावं असं एकदाही सुचलं नाही. मी ताडलं ते वर्तमानपत्राशी, आणि ते मुंबईचं. घरापासून पंचवीस मिनिटांवर खाडी होती, ती विचारून पाहिली नाही. तुमच्या बाबांनी नेमकं हेच केलं होतं, आणि मी त्यांच्यावर रागावले होते.

"चल आई," आत्या म्हणाली. "प्रयत्न केलास ना. मी दादाला सांगते की राहायची जागा ठीक आहे, पण..."

"मी उठणार नाही."

"तू बसलीच नाहीयेस."

मग मी बसले. होडीच्या काठावर, त्या बाईच्या शेजारी, छत्री उघडून. "गाडीवाल्याला सांग, पाचला ये. नाहीतर तू जा. तू खरं सांगणार होतीस ना? अर्धं बघून खरं कसं सांगशील? मी कधी अर्धा पेपर तपासून गुण दिले नाहीत."

"पास पन केलं नाय कधी," ती बाई म्हणाली.

आत्या पाच मिनिटं उभी राहिली. मग तिने चप्पल काढून होडीच्या फळीवर रुमाल पसरला आणि बसली. गाडीवाल्याला फोन केला. पावणेदोन तास आम्ही तिथे होतो. त्या बाईने डब्यातून तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी काढली. मी सुकट खात नाही, आत्याने खाल्लं. तिने विचारलं, मासे मिळतात का अजून. बाई म्हणाली, मिळतात, पूर्वीसारखे नाही. वरच्या अंगाचं कारखान्यांचं पाणी येतं, घरांचं येतं. मुलगा कुरिअर कंपनीत आहे. "मंग जालं कशाला विनता?" आत्याने तिच्याच बोलीत विचारलं. मला माहीतच नव्हतं तिला ती बोली येते. लहानपणी शाळेच्या वाटेवर उचलली असणार. बाई म्हणाली, "खारी हाय तवर विनायचं. खारी काय कुठं चाललीय?"

चारच्या सुमाराला चिखलातले खेकडे एकदम नाहीसे झाले. मग प्लॅस्टिक हललं, उलट्या दिशेने, गावाकडे. पाणी आवाज न करता वर चढत होतं. साडेचारला आमची होडी खालून किंचित उचलली गेली आणि आत्याने माझा हात पकडला. पावणेपाचला समोर पलीकडच्या काठापर्यंत सपाट पाणी होतं, त्यात दुर्गाडीचा बुरूज उलटा, आणि वास नव्हता. दोन बगळे त्यांच्या ठरलेल्या खांबांवर येऊन बसले. आत्याने मोबाइल काढला नाही.

घरी परत येताना ती फक्त एवढंच म्हणाली, "फ्लशवाला कोण आहे इथे?"

तुमच्या बाबांना तिने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला, त्यांची तेव्हा सकाळ होती. "दादा, खाली दोन खोल्या आहेत. फ्लश मी दुरुस्त करून घेते. वास येतो, ओहोटीला येतो. भरतीला ये."

"आणि हॉटेल?"

"ते तू बघ. मी खरं सांगितलं."

तुमचे बाबा म्हणाले, "दोन दिवस तिकडे, दोन दिवस हॉटेलात, चालेल?"

मी आत्याच्या हातातून फोन घेतला. "चार," मी म्हटलं. "मुलांना पोहण्याचा तलाव हवा असेल तर त्यांच्या आत्याच्या इमारतीत आहे. तिथे जाऊन अंघोळ करून या."

हॉटेल रद्द केल्याचा निरोप दोन दिवसांनी आला. या वेळी अंगठा नव्हता, शब्द होते.

म्हणून आता तुमच्यासाठी लिहिते, आणि मराठीतच, अडलं तर बाबांना विचारा. तुम्ही आल्याच्या दुसऱ्या दिवशी सप्तमी आहे. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. त्यात कल्याणचे पावणेदोन तास मिळवा: सकाळी सात. पान चारवर मी लाल शाईने दुरुस्ती केली आहे. विमानाच्या प्रवासाने तुम्ही पाचलाच जागे व्हाल, तेव्हा उगाच लोळू नका. साडेसहाला जिन्याखाली भेटू, पट्ट्याच्या चपला घालून. छत्र्या तीन आहेत. आठवी ब तिथे असणार आहे, उशीर झाला तर ती मला सोडणार नाही.