दोन बोटांपुरतं तोंड

इजिप्तमधल्या दुमयातच्या सुतारगल्लीत करवती दिवसभर केकाटत असतात. त्यांच्याही वर जाणारा आवाज एकच, बहीगामावशींचा. सोफ्याच्या गाद्या शिवता शिवता कुणाचं लग्न ठरलं, पोर पास झालं असं कानावर आलं, की मावशी सुई खाली ठेवायच्या, तोंडासमोर तळहात आडवा धरायच्या आणि जीभ भराभर हलवत अशी लांबलचक झगरूता, आनंदाची किलकारी, काढायच्या, की नाईलवरचे कोळीसुद्धा विचारत, “आज कुणाचं जमलं?” नवरीच्या आईची पहिली झगरूता निघाली नाही तर लग्न मुकं, आणि मुक्या लग्नाला दृष्ट लवकर लागते, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मागच्या हिवाळ्यात भाजीच्या गाडीपाशी मावशींना जांभई आली. तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

“मावशी, भाव काही एवढे वाढलेले नाहीत,” भाजीवाला म्हणाला. मग त्यांच्या डोळ्यांतलं पाणी त्याला दिसलं.

दातांचे डॉक्टर वदीअ यांनी जबडा बसवला आणि समजावलं, “कानासमोर दोन्हीकडे जबड्याची एकेक गोटी कवटीच्या खोबणीत बसलेली असते. तोंड फार वासलं की ती पुढचा उंचवटा ओलांडते, आणि चावायचे स्नायू तिला तिथेच आवळून धरतात. एकदा घसरली ती पुन्हा घसरेल. आता तोंड उघडायचं ते दोन बोटं, जास्त नाही.”

“आणि माझ्या नुहाच्या लग्नात झगरूता?”

डॉक्टरांनी मावशींचा हात त्यांच्याच गळ्यावर ठेवला. “म्हणा, आ. थरथरतंय ना? ते स्वरयंत्र. आवाज इथे होतो. जबडा नुसतं दार आहे, किलकिलं ठेवलं तरी चालतं.”

जन्मभर सताड उघडलेलं दार. मावशी धास्तावल्या. लेकीचं लग्न जवळ येईल तशी भूक गेली. हसताना हनुवटीखाली हात, जांभई आली की दात घट्ट. मशब्बक, म्हणजे तिथली जिलबी, दुधात बुडवून चोखायच्या. जरा बोललं की कानापाशी कट्ट व्हायचं. त्यात विहीणबाई इन्शिराह म्हणाल्या, “हल्ली फार हळू बोलता हो. झगरूता आमच्या बायकांपर्यंत पोचेल ना, की आम्हीच सुरू करू?”

मावशींनी डॉक्टरांना लग्नाला बोलावलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. हा कुणाकडचा, ते पाहुण्यांना कळेना.

नुहाच्या मामाचा आणि नवरदेवाचा हात पांढऱ्या रुमालाखाली गुंफला गेला, काझींनी शेवटचा शब्द उच्चारला, आणि सगळ्या बायका मावशींकडे वळल्या. मावशींनी तळहात आडवा धरला. दोन बोटं, फक्त दोन बोटं. पण लेकीचा चेहरा दिसला आणि दार आपोआप सताड उघडलं. कट्ट.

भीतीनं घशातून नुसती हवा गेली, आवाज नाही. तोंड मिटेना. हात मात्र तोंडासमोर होता, म्हणून बायकांना वाटलं, सुरू झाली. पण काही ऐकू येईना. एक क्षण सगळा मांडव मुका.

शेजारी उभ्या इन्शिराहनं हाताआडचे ते ताठरलेले ओठ आणि पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांकडे लागलेले डोळे पाहिले. तिनं आपली शाल दोघींच्या डोक्यावर ओढली आणि शालीतूनच सणसणीत झगरूता काढली. मांडव दणाणला. त्या गदारोळात तिनं मावशींना स्वयंपाकघरात ओढलं, वाटेत तो पांढरा रुमाल उचलला आणि डॉक्टरांना खूण केली.

डॉक्टरांनी तोच रुमाल फाडून अंगठ्यांना गुंडाळला, खालच्या दाढांवर अंगठे दाबून जबडा आधी खाली, मग मागे ढकलला. इन्शिराहनं मावशींचं डोकं पोटाशी धरून ठेवलं होतं. टक्क.

“कुणाला कळलं?” मावशींनी ओठ न हलवता विचारलं.

“कुणालाच नाही,” इन्शिराह म्हणाली. “ एवढी मोठी झगरूता जन्मात ऐकली नाही म्हणतायत तुमची.”

नुहा दारात आली. “आई, अगं रडतेस का? आणि आमचा रुमाल कुठाय?”

“आनंदानं रडतेय. बोलायला लावू नकोस तिला,” इन्शिराह म्हणाली.

मावशींनी एक हात हनुवटीखाली धरला, दुसरा गळ्यावर, आणि ओठ मिटून बारीकसं हुंकारून पाहिलं. बोटांखाली थरथरलं.