साळ्याच्या देवघरातला शंख

साळ्यानं, माझ्या बायकोच्या भावानं, मला फसवलं. परवा धामणगावला त्याच्या देवघरातला शंख हातात घेतला, तर तोंडाजवळ ओळखीचा तपकिरी डाग दिसला. आतून अजून खारट वास येतोय असं वाटलं. म्हणे बाजारातून आणला!

बारा वर्षांपूर्वी अंदमानच्या एका निर्जन बेटावर, ओल्या वाळूत पळणारे खेकडे पाहत आम्ही दोघंच चाललो होतो. तिथे मला हाच शंख सापडला.

"भाऊजी, जीव हाय त्यात. सोडून द्या."

"मी काय त्याले खाऊन राहिलो?"

"पाप लागते ना बाप्पा!"

मीच तो पाण्यात ठेवला. लगेच त्यानं लांबचा समुद्री गरुड दाखवला आणि मी खुळ्यासारखा वर पाहत पुढे गेलो; तो मागेच राहिला. तेव्हा मला तो दयाळू वाटला होता.

शंखात जीव नव्हताच, की यानं घरी आणून मारला? माझ्यासमोर बसून त्यानं सांगावं.