धुळ्याला कोणी सांगितलं?

याकूबभाई कुठलंही यंत्र उघडण्याआधी त्याच्यावर तळहात टेकून उभे राहायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते, तसे. "पहले इसको बोलने दो, फिर मैं बोलूंगा," म्हणायचे. बघणाऱ्याला हसू यायचं. मलाही आलं होतं, आणि मी तोंडावर हसलो होतो.

मी तेव्हा जळगावला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात हमालांचा मुकादम होतो. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. एका सकाळी ट्रकमधून कॉम्प्युटरचं खोकं आलं. माझ्या माणसांनी ते उचललं, तोच पांढऱ्या दाढीचा एक माणूस हातात पेचकस घेऊन ओरडत धावला, "अरे, कांदे हैं क्या? हळू!"

मी आडवा झालो. "इथल्या मालाला माझी माणसं हात लावतात. तुम्ही कोण?"

"मैं इसका डॉक्टर."

"मग आजारी पडल्यावर या."

दिवसभर आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. संध्याकाळी ते आपणहून माझ्या शेजारी पोत्यावर येऊन बसले. म्हणाले, "मुकादम, तू टेढा आहेस. मीपण आहे. आपलं जमेल."

जमलं. धुळ्याला त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी रेडिओ दुरुस्त करणं सोडलं तसं ते बंद पडलं. मग पन्नाशी उलटलेला हा माणूस मिसरूडही न फुटलेल्या पोरांच्या रांगेत बसून कॉम्प्युटर शिकला. आमच्या कंपनीने धुळ्याचं आणि जळगावचं मशीन सांभाळायचं काम त्यांना दिलं. घर त्यावरच चालायचं.

काम असं होतं. जळगावच्या मशीनने फोनच्या तारेवरून धुळ्याच्या मशीनला गाठायचं आणि दिवसभराच्या मालाची खबर द्यायची. धुळ्याचं मशीन आधी विचारणार, तू कोण? यानं आपलं नाव आणि ठरलेला गुप्त शब्द सांगायचा. मग तिकडचं दार उघडणार. आमचं रडगाणं एवढंच की दार कधी उघडायचं, कधी नाही. नाव तेच, शब्द तोच, तारही तीच. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटायची आणि याकूबभाई कपाळाला हात लावून सांगायचे, "बोलता है, तुमको पहचानता नहीं."

मुंबईच्या हेड ऑफिसनं बजावलं होतं, दिवाळीपर्यंत हे सुरळीत चाललं तर ठीक, नाहीतर जळगावचं गोदाम बंद करून सगळा माल धुळ्याहूनच हलवू. म्हणजे माझ्या माणसांची पोटं आणि याकूबभाईंचं घर, दोन्ही त्या दारावर अडकलेलं.

त्यांनी काय नाही केलं? तार बदलली. टेलिफोन कचेरीत जाऊन भांडले. गुप्त शब्द इतक्यांदा बदलला की आमचा क्लार्क निंबा तो विसरायला लागला. निंबाला केळ्याच्या वेफर्सचा नाद, म्हणून त्याला तेलकट हात साबणाने धुवायला लावले. मशीनचा प्रोग्राम मुंबईच्या पोरांनी केलेला. त्यांना फोन लावला की ती म्हणायची, आमच्याकडे तर बरोबर चालतं. याकूबभाई भडकायचे, "तुम्हारे यहां चलेगाही! बीमार यहां है!"

आमचा हमाल सुकदेव त्यांना अहिराणीत छेडायचा, "याकूबभाई, ती धुयानी मशीन तुमनी सासू शे का? कितलाबी सलाम करा, वळखच देस नही!"

"सास होती तो मना लेता रे," ते म्हणायचे आणि परत तारांत डोकं घालायचे. पण हसणं दिवसेंदिवस कमी होत गेलं. एकदा मला म्हणाले, "मुकादम, रेडिओ कधी खोटं बोलला नाही माझ्याशी. हे बोलतं."

दिवाळी झाली, तरी मुंबईहून काही कळलं नाही, म्हणून आम्ही अजून आशेवर होतो. एरवी ते धुळ्याहून दहानंतर पोचायचे. एके दिवशी पहिल्या एसटीने आले. लाईट गेलेली होती, आमच्याकडे ती रोजच जायची. मशीनमधला बारका सेल संपलेला, नवा मुंबईहून येतच नव्हता, त्यामुळे लाईट गेली की मशीन वेळ विसरायचं. लाईट आली. निंबानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मशीनमध्ये वेळ घातली.

हे घड्याळ मॅनेजर चौधरीसाहेबांनी मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे ठेवलेलं, माणसं वेळेवर यावीत म्हणून. अख्ख्या गोदामाला ते ठाऊक होतं. जो तो मनातल्या मनात पंधरा मिनिटं वजा करायचा.

"निंबा, कितने बजे डाला?"

"घड्याळात आहेत तेवढेच."

"अरे, ते तर पुढे आहे!"

"ते सगळ्यांनाच माहीत आहे, भाई."

याकूबभाई हळूच खुर्चीवर बसले. म्हणाले, "धुळ्याला कोणी सांगितलं?"

मग त्यांनी मुंबईला फोन लावला. आमचं मशीन नावाबरोबर स्वतःची वेळही सांगायचं. वेळेत फार फरक दिसला की धुळ्याचं मशीन समजायचं, कुणीतरी चोरलेला शब्द वापरतंय. ज्या दिवशी कुणी मनगटावरच्या घड्याळाची वेळ घालायचं, त्या दिवशी दार उघडायचं. पोरं म्हणाली, हो, असा नियम आहे, तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

याकूबभाईंनी स्वतःच्या घड्याळाची वेळ घातली. दार उघडलं. दिवसभर एकदाही अडलं नाही. "वळखं रे बावा!" म्हणून सुकदेवनं पोत्यावर उडी मारली. संध्याकाळी याकूबभाई चौधरीसाहेबांना म्हणाले, "साहेब, हेड ऑफिसला कळवा. सापडलं."

चौधरीसाहेब खाली बघत राहिले. "याकूबभाई, बंद करण्याचा हुकूम दिवाळीआधीच आलाय. माणसांची दिवाळी कडू नको, म्हणून बोललो नाही."

"पण चालतंय ना आता."

"चालतंय हो. पण धुळ्याला मोठी जागा घेऊन झाली. मशीनचं कामही मुंबईच्या माणसांना दिलं."

त्यांचा विश्वास बसेना. स्वतः हेड ऑफिसला फोन लावला. "साब, चल रहा है. आप खुद आके देखो." तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. हे फक्त "जी, जी" म्हणत राहिले.

गोदामाला कुलूप लागेपर्यंत ते रोज येत होते, पगार नसताना. मी म्हणालो, "कशाला हेलपाटे घालता?" तर म्हणाले, "मेरे हाथ से बंद नहीं पड़ना चाहिए." मशीन रोज धुळ्याला गाठायचं, रोज दार उघडायचं. कळवायला माल उरला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला उशिरा कळलं. धुळ्याला त्यांच्या घरी गेलो. भाभी पडद्याआडून बोलत होत्या. शेवटी काय झालं ते याकूबभाईंनी घरी कधी सांगितलंच नव्हतं म्हणे. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "भाईसाब, वो मशीन आखिर चला था क्या?"

मी म्हणालो, "चला था, भाभी. उसके बाद एक बार भी नहीं अटका."

मग त्या म्हणाल्या, "तो फिर काम क्यों गया?"

मी कुणापुढे गप्प बसणारा माणूस नाही. त्या दिवशी चपला पायात घातल्या आणि स्टँडकडे चालायला लागलो.