साहेबांची मिशी

म्हाळूच्या हाताला एकच कला, बुजगावणी करायची. मांडवगणच्या शिवारात त्याच्या बुजगावण्याला पाखरं तर भितातच, पण माणसंही फसतात. मी त्याचा शेजारी, म्हणून सांगतो. आमच्या मंडळींनी एकदा त्यातल्या एकाला चहा विचारलाय.

आमच्या वस्तीवर पाण्याची टाकी बांधली, रंगवली, नारळही फुटला. पाणी तेवढं राहिलं. पाइपांचे पैसे आमदार आनंदराव साहेबांनी खाल्ले, असं गाव म्हणतं. म्हाळूची बायको रंभा अजून लांबच्या विहिरीवरून हंडे वाहते; तिचे गुडघे गेलेत. म्हणून वस्तीचा तरुण पुढारी रविराज, त्यानं शिरूरला तहसीलवर मोर्चा ठरवला, तेव्हा जाळायच्या पुतळ्याचं काम म्हाळूनं मागूनच घेतलं.

आत उसाचं पाचट, वर पांढरा झब्बा, गॉगल, उपरणं. आणि मिशी! काळ्या शेळीच्या केसांची, टोकं वर वळवलेली.

"लईच हुबेहूब झालाय रं," मी म्हणालो. "हा आश्वासन द्यायला लागला म्हंजी?"

"तोंड उघडायच्या आत पेटवू, आप्पा."

पण पेटवायचं राहिलं. ऐन घोषणांत रविराजला साहेबांचा फोन आला. गडी मोर्च्याच्या टेम्पोमागं गेला आणि परत आला तो पाणी समितीचा अध्यक्ष होऊन. "साहेबांनी शब्द दिलाय," म्हणाला आणि काडेपेटी खिशात घातली.

म्हाळूनं पुतळा परत आणून कोरड्या टाकीखाली उभा केला. डोक्यावर रंभाचा रिकामा हंडा. येणारे-जाणारे रामराम घालू लागले, फोटो मोबाइलवर फिरले. रविराज धावत आला.

"म्हाळू, काढ त्यो. साहेबांची बदनामी हुतीय."

"हे साहेब हायती व्हय? मी बुजगावणं समजत हुतो!"

"मस्करी नको. काय पायजे बोल."

"टँकर आला की गॉगल काढतो. पाइप आलं की उपरणं. नळाला पाणी आलं की मिशी."

टँकर आला, गॉगल उतरला. पाइप आले, उपरणं गेलं. पाइप गाडले, नळही बसला. रंभानं नळाखाली फरशी टाकून घेतली. आता सगळी वस्ती मिशीकडं डोळे लावून बसली.

आणि एक दिवस नळाला पाणी यायच्या आधी साहेबच आले. गाडीतून उतरले आणि आम्ही बघतच राहिलो. मिशी सफाचट! पुतळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "कोण हा? आपल्यातला वाटत न्हाई."

रविराज खो खो हसला. रंभानं नळ फिरवून बघितला. सूं आवाज आला, वारा.

म्हाळू मागं वळला. घरातनं कात्री आणली, पुतळ्याची मिशी भादरली, हंडा सरळ केला आणि अदबीनं म्हणाला, "आता वळखलं का, साहेब?"

पाणी अजून आलेलं नाही. साहेब पुन्हा मिशी वाढवतायत, असं कानावर आलंय. वाढवू द्या. शेळी म्हाळूच्या दारातच बांधलेली हाय.