रिकाम्या वळणावरची घंटी

तापल्या तेलात तमालपत्र पडलं की मला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मागच्या डोंगरातला तो रस्ता आठवतो. दोन हजार सहाचा जून होता. सहा महिने माझ्या टाउनहाउसमध्ये राहून कंटाळलेले बाबा पुढच्या आठवड्यात पुण्याला परतणार होते, म्हणून मी दोन सायकली रेंट केल्या. "घंटीशिवाय सायकल चालवतात का?" म्हणत बाबांनी दुकानातच नवी घंटी विकत घेऊन बसवून घेतली. वर मैलोन्मैल एकही गाडी नव्हती. दोन्हीकडे वाळून सोनेरी झालेलं गवत होतं आणि उन्हात तापलेल्या झाडांना अगदी तमालपत्राचा वास येत होता. बाबा मात्र प्रत्येक वळणावर ट्रिंग ट्रिंग करायचे. शेवटी मी वैतागलेच. "बाबा, इथे कुणीच नाहीये, कुणासाठी वाजवताय?" "असलं कुणी तर?" ते म्हणाले, आणि पुढच्याच वळणापलीकडे रस्त्यात तीन हरणं उभी होती. त्यांनी सावकाश बाजूला होऊन वाट दिली. बाबांनी हात वर करून त्यांना थँक यू म्हटलं. बाबा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. सायकल परत करताना काढून घेतलेली ती घंटी आता माझ्या सायकलला आहे. त्या रस्त्यावर अजूनही कुणी नसतं, तरी प्रत्येक वळणावर मी ती वाजवते, आणि पलीकडचं दिसेपर्यंत पेडल मारायची थांबते.