तोताराम नानांचा निळा हौद

तोताराम नानांनी केळीच्या बागेत स्विमिंग पूल बांधला, तेव्हा नशिराबादपासून जळगावापर्यंत सगळे एकच विचारत होते : नानांना ऊन लागलं का? साल ब्याण्णव. आपल्याकडे तोवर पोहणं म्हणजे विहिरीत उडी.

पण नानांचं कारण होतं लेक. लिला लहान असताना भाऊ विहिरीत धडाधड उड्या मारायचे आणि ती काठावर बसून त्यांचे कपडे राखायची. "मलेबी पोहू द्या," म्हणाली, तर नाना म्हणाले, "पोरींनी विहिरीत नाही उतरायचं. तुह्यासाठी वेगळा हौद बांधीन." बाप असं काहीही बोलतो. लेकी मात्र विसरत नाहीत. धुळ्याला सासरी गेली, दोन पोरांची आई झाली, तरी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की विचारायची, "नाना, माहा हौद कुठी आहे?" त्या साली केळी चांगली निघाली आणि नानांनी जाहीर केलं : या आखाजीला लिला हौदात उतरणार!

निळ्या फरश्या बसल्या. पाणी भरायला नानांनी विहिरीवरची ठिबकची लाइन जोडली. तिच्यावर वाळूचा फिल्टर होताच. "केळीचं पाणी गाळतो, तो माणसाचं नाही गाळणार?" नाना म्हणाले. पाणी भरलं. काय निळंशार दिसलं! नानांनी अख्ख्या गावाला काठावर उभं करून चहा पाजला.

आठवडा गेला आणि पाणी हिरवं झालं. असं हिरवं, की म्हशींनी लांबूनच ओळख दाखवली.

नाना थेट जळगावला, बन्सीलालच्या केमिकलच्या दुकानात. बन्सीलालनं ब्लीचिंग पावडर दिली आणि एक छोटी पेटी. तिच्यात दोन काचेच्या नळ्या आणि दोन बाटल्या. एका बाटलीचे थेंब टाकून पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. दुसरीचे थेंब टाकून रंग नारिंगीकडे गेला तर पाणी आंबट, जांभळ्याकडे गेला तर खारं, मधला लाल आला तर झकास.

मग काय विचारता! नाना पेटी घेऊनच हिंडू लागले. शेजाऱ्याची विहीर तपासली, शाळेचा माठ तपासला, लग्नाच्या पंगतीत पाण्याचा पेला थेंब टाकून परत केला. "खारं आहे हो तुमचं पाणी," असं ते व्याह्याला भर मांडवात म्हणाले.

स्वतःचं पाणीही खारंच निघालं, गडद जांभळं. पण त्यावर उपाय ठाऊक होता. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की आपण अ‍ॅसिड सोडतोच. तेच नानांनी बेतानं, पाण्यात मिसळून पुलात सोडलं. रंग मधल्या लालावर आला. नाना ओरडले, "जमलं!"

क्लोरीन मात्र टिकेना. सकाळी पावडर टाकावी, दुपारी नळीत थेंब टाकावेत, तर पाणी कोरं. उन्हानं पाणी आटायचं, नाना संध्याकाळी विहिरीतून भर घालायचे, की सकाळी हिरवा रंग आणखी खुललेला. आखाजी चार दिवसांवर आली. नानांचं जेवण सुटलं.

पुलाचं सांडपाणी ज्या चरातून जायचं, त्या चराकाठच्या केळी तेवढ्यात अशा माजल्या, की पानाखाली बैलगाडी उभी राहावी. द्रौपदाबाई, म्हणजे नानांच्या घरधनीण, ते बघून म्हणाल्या, "काय ओ, हौदालेबी खत घातलं का?"

नाना हसायला लागले आणि मधेच थांबले. मग धोतर सावरत पळाले ते थेट विहिरीवर.

फिल्टरशेजारी खताची टाकी. तिच्यात युरिया विरघळवायचा, कॉक उघडायचा, की खत पाण्याबरोबर केळीच्या मुळाशी. पंप सुरू करताना कॉक उघडायचा, ही नानांच्या हाताची सवय. पूल भरतानाही तो रोज उघडत होता! नाना रोज मोठ्या प्रेमानं पुलाला युरिया देत होते, शेवाळ फोफावत होतं आणि युरिया सगळं क्लोरीन खात होता.

"द्रौपदे, मी पाण्याचं पीक घेतलं!" नाना आनंदानं नाचलेच. चूक सापडल्यावर जेवढा आनंद होतो, तेवढा माणसाला बरोबर असल्याचाही होत नाही.

सगळं पाणी केळीला सोडलं. फरश्या घासल्या. कॉक तारेनं आवळून पूल पुन्हा भरला, पावडर टाकली, अ‍ॅसिड वेगळ्या वेळी सोडलं. आखाजीच्या सकाळी नळीत फिकट पिवळा आला, दुसरीत मधला लाल. तळाची प्रत्येक फरशी दिसत होती.

लिला धुळ्याहून आली. पोरं कपड्यांसकट पाण्यात. लिला काठावर उभी.

"उतर ना माय!" नाना म्हणाले. "पाणी एकदम बरोबर आहे. मी सोता तपासलं!"

"नाना, मले पोहता कुठी येतं? तुम्ही कधी उतरूच दिलं नाही."

एवढ्या खटाटोपात ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मग नानांनी टोपी द्रौपदाबाईंच्या हातात दिली आणि धोतर खोचून पाण्यात उतरले. लिला पदर कमरेला बांधून मागोमाग. नानांनी तिच्या पोटाखाली हात धरला. "पाय मार! जोरात! घाबरू नको, मी आहे!"

"लेकीले बुडवता का काय?" द्रौपदाबाई काठावरून ओरडल्या.

लिलानं पाय मारले. असं पाणी उडवलं की नानांना काही दिसेना. ते डोळे चोळत ओरडतच होते, "पाय मार! पाय मार!" आणि लिला केव्हाच त्यांच्या हातावरून सुटून पलीकडच्या काठाला लागली होती.

"नाना," ती धापा टाकत म्हणाली, "आता बाजूले सरा. मले परत यायचं आहे."